भादव्यातला पांढरा भात

भादवा लागला की मी पांढऱ्या भाताला हात लावत नाही. घरात सगळ्यांना हे ठाऊक आहे, आणि सगळ्यांना ते म्हातारीचं खूळ वाटतं. फुलचूरच्या या घरात मुलगा, सून, नातू, नातसून, सगळेच शहाणे. "बाकी वर्षभर खातेस, मग याच महिन्यात तुला काय होतं?" असं मुलगा दरवर्षी विचारतो. "होते काहीतरी. तू जेव मुकाट्यानं," असं मी दरवर्षी सांगते.

यंदा नातसुनेनं गाठलं. मोबाइल माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, "आजी, हे ऐका ना. यात सांगून राहिले, की मौसमात जे पिकते तेच खायचं, आणि अनाज पूरा खायचा, कोंड्यासहित. तब्येत एकदम फिट राहते." आणि तिनं माझ्या मांडीवर एक प्लास्टिकची पिशवी ठेवली. हातसडीचा तांदूळ.

मी मूठभर तांदूळ हातात घेतला. तांबूस दाणा, वर कोंडा तसाच. वास घेतला आणि मला हसूच फुटलं. "अगं बाई, हा काढता काढता माझ्या टाचा फुटल्या, आणि तुम्ही तो दुकानातून आणता होय!" तीही हसली. पण हसता हसता माझं लक्ष दाराकडे गेलं. बाहेर आभाळ खाली उतरलेलं, पडत नाही नि उघडत नाही. भिंतींना ओल आलेली. अशा दिवशी शेजारी कुठे लेकरू रडत असलं तर मला बरं वाटतं. घरात लेकरू आहे आणि आवाज नाही, एवढ्यानं मी उठून त्याला बघून येते.

माझं सासर केशोरीचं. तिथला भादवा म्हणजे खाण्याचा महिना, असं मी म्हटलं तर आता कोणाला पटणार नाही. कोठीतलं जुनं धान तळाला गेलेलं, नवं यायला अवकाश. पण बांधावर, बोडीत म्हणजे लहान तळ्यात, जंगलात जिकडे बघाल तिकडे काहीतरी उगवलेलं. तरोट्याची भाजी कोवळी होती तोवर खाऊन झालेली असायची. मग धोप्याची, म्हणजे अळूची पानं, अंबाडी, काटवलं. जंगलातून वास्ते यायचे, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. ते चिरून ठेवले की घरभर आंबूस वास सुटायचा. वीज कडाडून गेली की दुसऱ्या सकाळी बाया सात्या वेचायला पळत. सात्या म्हणजे वारुळाजवळ उगवणाऱ्या छत्र्या, मटण बाजूला सारावं अशा चवीच्या. बोडीच्या पाटात टोपली धरली की बोटाएवढे मासे मिळत. आणि सकाळी उठल्याबरोबर पेज, हातसडीच्या तांदळाची, मिठाचा खडा टाकलेली. पोटात गेली की अंगात ऊब यायची आणि दुपारपर्यंत चिखलात उभं राहता यायचं.

हे सगळं आम्ही गरिबाचं खाणं समजत होतो. आमच्या घरी जमीन होती, बैल होते, तरी पाहुणा आला की सासू आधी पेजेचं मडकं झाकायची. जगात लाजायला दुसरं काही नव्हतं जणू!

मान होता तो पांढऱ्या भाताला. देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. सासरे शेतीसोबत धानाचा लहानसा व्यापार करीत. बैलगाडीनं अर्जुनीला, तिथून छोट्या रेल्वेनं गोंदियाला. एका उन्हाळ्यात त्यांनी गोंदियाच्या मिलमधून तांदळाची पोती आणली. सासूनं पोत्याचं तोंड सोडलं तेव्हा शेजारणी जमल्या होत्या. दाणा असा पांढरा, असा गुळगुळीत, की बोटांतून निसटून जायचा. कोंड्याचा मागमूस नाही. "देवापुढे ठेवावं असं हाय," सासू म्हणाली. कोणासाठी आणला हे विचारायची गरज नव्हती. नणंद बाळंतपणाला यायची होती.

कौसल्या, माझी नणंद, घरातली एकुलती लेक. तिच्यासाठी जीव पाखडणं म्हणजे काय ते मी त्या घरात पाहिलं. माझं स्वतःचं बाळंतपण त्याच घरात, मोहाची फुलं पडत होती त्या दिवसांत होऊन गेलं होतं. माहेरी आई नव्हती, जाणार कुठे? मुलगी झाली, इंदू. बारसं झालं आणि मी पुन्हा ढेकीवर उभी राहिले. ढेकी म्हणजे धान कांडायचं लांब लाकूड. एक टोक पायानं दाबायचं, दुसऱ्या टोकाचं मुसळ खड्ड्यातल्या धानावर आपटतं. इंदू जवळच्या झोळीत. माझ्या ताटात तेच, जे सगळ्यांच्या ताटात. पेज, तांबडा भात, लाखोळीची डाळ, पाला.

आणि कौसल्येच्या ताटात, ती आल्या दिवसापासून, पांढरा भात, तूप, मीठ. बस. भाजी नाही, ती वातूळ. डाळ नाही, लेकराच्या पोटात कळ जाते. मासा तर नावच काढू नका. तांदूळ धुवायचा तो पाणी निवळ येईपर्यंत धुवायचा, आणि शिजताना वरची पेज गाळून गाईला घालायची. पोट जड व्हायला नको म्हणून. बाळंतिणीला जपायचं तर आमच्याकडे असं जपत. ज्यांची ऐपत नव्हती त्यांच्या बाळंतिणी चार दिवसांत पाला खायला लागत, आणि लोक त्यांची कीव करीत.

माझा डोळा होता त्या भातावर. लपवू कशाला? वाफाळलेला, मोकळा, वर तुपाची धार. मी दाराशी घुटमळायची. कौसल्या मनाची चांगली. "वयनी, घासभर खातेस का वो?" म्हणायची. लगेच सासूचा आवाज, "तिले कायले देतं? ते तुयासाठी हाय." मी तणतणत ढेकीवर जायची आणि अशी लाथ हाणायची की खड्डा फुटावा.

आषाढात कौसल्येला मुलगा झाला. पोराचा आवाज असा, की गोठ्यातली वासरं कान टवकारत.

श्रावणात तिच्या पायांवर सूज आली. बाळंतवात, सगळ्या म्हणाल्या. शेगडी आणखी जवळ सरकवली. एका सकाळी मी तिच्या खोलीत पाणी ठेवायला गेले तर कातडी जळल्याचा वास. बघते तर निखारा उडून तिच्या पायावर पडलेला आणि ही बाई भिंतीला टेकून माझ्याशी बोलते आहे! मी ओरडून निखारा झटकला. तिनं पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वयनी, मले समजलंच नाई वो," म्हणाली. "पाय माये हायेत असं वाटतच नाई." तिचे ते डोळे मला अजून दिसतात. आम्ही दोघींनी सासूला सांगितलं नाही. भीती अशी असते, की बोललं तर खरी होईल असं वाटतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे नारबोद काढतात. गावातली रोगराई घेऊन जा म्हणत, आरडाओरडा करत, पोरं डहाळ्यांचं ते धूड शिवेबाहेर टाकून येतात. त्या गोंगाटानं इंदू भेदरून रडायला लागली. तिला खांद्यावर घेऊन मी कौसल्येच्या खोलीत डोकावले. तिचं लेकरूही रडत होतं. तोंड उघडलेलं, जीभ थरथरते आहे, मुठी आवळलेल्या, चेहरा काळानिळा. मला वाटलं, बाहेरच्या गलक्यात ऐकू येत नाही. गलका लांब शिवेकडे गेला. लेकरू रडतच होतं, आणि खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं.

देव करो आणि असं रडणं कोणाला बघायला न मिळो. सगळं रडण्याचं, फक्त आवाज नाही.

दिवसागणिक ते पोर मलूल होत गेलं. प्यालेलं ओकायचं. श्वास भरभर चालायचा, छातीचं उडणं कपड्यावरून दिसायचं. झाडपाला झाला, अंगारे झाले. नदीनाले भरलेले, चिखलात गाडी रुतत होती, दवाखाना लांब. आणि मग शेजारच्या एका बाईनं सासूच्या कानात सांगितलं, की आवाज असा जात नसतो, कोणीतरी तो नेतं.

जादूटोणा करणारीला आमच्याकडे टोनही म्हणत. त्या शब्दाची भीती तुम्हाला आज कळायची नाही. शेजारच्या गावातली एक बाई त्या शब्दामुळे गाव सोडून गेली होती, तिचं घर ओसाड पडलेलं आम्ही जातायेता बघत होतो. सासूनं तो शब्द उच्चारला नाही. एवढंच म्हणाली, "कोणाचा डोळा त्या ताटावर होता, मले का दिसत नाई?" आणि इंदूकडे बघितलं. माझी इंदू तेव्हा मांडीवर हातपाय झाडत, घर डोक्यावर घेत होती. तिच्या दांडग्या आवाजाचीच मला धास्ती बसली. मी तिच्या तोंडावर हात ठेवायला लागले. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "माय दुःखात हाय, तू चूप राय." मी चूप राहिले. पण माझ्या मनात यायचं, खरंच माझी नजर लागली असेल तर? हाव तर होतीच ना मला.

एका दुपारी सासू निंदणाला शेतात गेली होती. मी ढेकीवर होते. कौसल्या भिंत धरत, पाय ओढत माझ्यापाशी आली. छातीशी पोर. ढेकीच्या लाकडावरच बसली.

"वयनी, तू पाज याले."

"पागल झालीस का?" मी म्हटलं. "माय पायल त जीव घेईल माया."

"माया दुधात काहीतरी हाय वो. पेला का वकते. तुयी इंदू पाय कशी हाय."

"आन् माया अंगावर असताना त्याले काही झालं त? मंग मले कोण वाचवील?"

तिनं मला हाताला धरून खाली बसवलं, पोर माझ्या मांडीवर ठेवलं आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. मी त्याच्याकडे बघितलं. ओठांभोवती निळसर. खोटं कशाला सांगू, हे माझ्या मांडीवर गेलं तर मी संपले, माझी इंदू संपली, हे मला लख्ख दिसत होतं. पण पोर हातात आलं की हात आपलं काम करतात. मी पदर घेतला आणि त्याला लावलं. आधी त्याला ओढताच येईना. मी पिळून थेंब थेंब तोंडात सोडले. कौसल्या दाराकडे बघत होती, मी त्याच्या छातीकडे.

मग रोज दुपारी तेच. चोरासारखं. सासू शेतात गेली की हा माझ्याकडे, ती यायच्या आत परत. ओकणं थांबलं. छातीचं उडणं कमी झालं. आणि एक दिवस मी त्याला अंगावरून काढलं तसा तो चिडला, आणि घशातून काहीतरी आलं. घोगरं, फाटकं, पण आवाज! दुसऱ्या दिवशी अजून मोठा. तिसऱ्यांदा त्यानं भोकाड पसरलं ते नेमकं सासू दारात उभी असताना. डोक्यावर गवताचा भारा तसाच. माझा पदर बाजूला, मांडीवर तिचा नातू. मी डोळे मिटून घेतले. आता बसतो विळा, वाटलं.

भारा पडल्याचा आवाज आला. सासू माझ्यापुढे चिखलाच्या पायांनी फतकल मारून बसली आणि त्या रडणाऱ्या पोराचं तोंड बघत राहिली. "पाज," म्हणाली. "पाज वो माय."

त्या बाईनं मला माय म्हटलं!

त्या दिवसापासून माझा मान वाढला. ढेकी बंद. "तू दोघाईले पाजतं, तुले चांगलं खायाले पायजे." सासूनं स्वतः माझ्यासाठी ताट वाढलं. पांढरा भात, तुपाची धार. भाजी बंद, डाळ बंद, पेज गाईला. काय सांगू, पहिला घास तोंडात विरघळला तेव्हा मला रडू आलं. आईविना वाढलेल्या पोरीला कोणीतरी समोर बसून खाऊ घालत होतं. मी मागून मागून खाल्लं. कौसल्येचं पाजणं सुटलं, तसं तिचं पथ्यही सुटलं. ती आमच्यात बसून पेज प्यायला लागली, बाजारचे वाळके मासे खायला लागली, अंबाडीला नाकं मुरडत दोनदा वाढून घ्यायला लागली. दसऱ्याच्या सुमारास ती ढेकीवर उभी राहिली. सूज गेली होती. टाच आपटत ती हसली. "वयनी, पाय परत आले वो माये!"

मी हसले. आणि तेव्हा मला कळलं की माझ्या पायांना मुंग्या आल्या आहेत, त्या सकाळपासून गेलेल्याच नाहीत.

दिवाळी तोंडावर आली होती. हलकं धान कापून खळ्यावर येत होतं, अंगणात नव्या धानाचा वास. भर उन्हात मी ओसरीवर बसले होते. इंदू पुढ्यात बसायला शिकत होती. लवंडली, कपाळ आपटलं. मी उचललं. तोंड उघडलं तिनं. मी वाट बघितली. लेकरं आधी श्वास कोंडतात ना, मग रडतात. मी वाट बघत राहिले. जीभ थरथरत होती, गाल ओले झाले होते. आवाज आला नाही.

मी किंचाळले असेन, कारण सासू आणि कौसल्या दोघी धावत आल्या. "कोणाची नजर..." सासूनं सुरू केलं. पण मी कौसल्येच्या पायांकडे बघत होते, आणि माझ्या पायांकडे. माझं दूध तेच, घर तेच, विहीर तीच. तिच्या ताटातून उठून माझ्या ताटात आलं होतं ते एकच.

समोर माझं दुपारचं ताट वाढलेलं होतं. मी ते उचललं आणि अंगणात भिरकावलं. सासू ओरडली, "अन्नाले लाथ मारतं?" मी म्हटलं, "मामी, हे अन्न नोहे. यानं तुमच्या पोरीचे पाय नेले, तुमच्या नातवाचा आवाज नेला, आता माया इंदूचा नेला." आणि स्वयंपाकघरात जाऊन गाईसाठी काढून ठेवलेलं पेजेचं भांडं तोंडाला लावलं. मग सगळ्यांच्या मडक्यातली तांबडी पेज प्याले. मग हातानं अंबाडीची भाजी खाल्ली. खात होते आणि रडत होते. कौसल्येनं नवं धान ढेकीत ओतलं.

सासू तिथेच उभी. रागाचं अवसान कुठल्या कुठे गेलेलं. "तांदूळ त तांदूळच असते ना वो?" तिनं विचारलं. कोणाला विचारत होती कोण जाणे. "म्या माया हातानं वाढलं. पोरीले. म्या..." मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. तिनं आपल्याजवळचं सगळ्यात चांगलं तेच वाढलं होतं.

पुढे कितीतरी वर्षांनी गोंदियातल्या एका डॉक्टरनं मला नाव सांगितलं, बेरीबेरी. लहान पोरीनं बाहुलीला ठेवावं असं नाव. जीवाला लागणारं जे असतं ते कोंड्यात असतं, मिल ते घासून टाकते, उरलंसुरलं धुण्यात नि गाळण्यात जातं. सोबत डाळ, भाजी, मासा असेल तर निभतं, नुसता तोच भात खाल्ला तर आईच्या दुधात काही उरत नाही. एवढीशी गोष्ट. सुईच्या एका टोचण्यानं बरी होणारी, म्हणाला. तो सहज बोलत होता, आणि मी खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसले होते.

आम्हाला कुठली सुई? आम्ही पेज प्यालो, पाला खाल्ला, आणि वाट बघितली. ते दिवस मी मोजले नाहीत. कौसल्येचं पोरही माझ्याच दुधावर, त्याचा आवाज पुन्हा घोगरा झाला होता, पण ते आधी सावरलं. इंदूला मांडीवर घ्यायची आणि देवाला म्हणायची, रडू दे. कोणती आई असं मागते? मग तिला मुद्दाम चिमटा काढायची, रडते का बघायला. तिचं तोंड उघडायचं, आणि मी कान लावून बसायची. नवं धान सगळं घरात येऊन पडलं, थंडी सुरू झाली, तेव्हा एका सकाळी अंघोळीच्या गरम पाण्यानं ती चिडली आणि ओरडली. बारीक, चिरका आवाज. मी तशीच ओलेत्या हातांनी तिला घेऊन अंगणात गेले, की सगळ्यांना ऐकू जावं. सासू खाली बसून तिच्यासोबत रडत होती.

नातसून हे सगळं ऐकत होती. मोबाइल कधीच बाजूला पडला होता. "मग आजी, इंदूआत्या इतकं मोठ्यानं बोलतात ते..." तिनं विचारलं.

हो, बोलते. आमची इंदू फार बोलते, फार मोठ्यानं बोलते. तिच्या सासरी आधी सगळे वैतागायचे, आता सवय झाली. लग्नाकार्यात ती बोलायला लागली की पोरं कानांवर हात ठेवतात. आता तिचे केस पांढरे झाले, आवाज तसाच. रोज संध्याकाळी फोन करते, तेच तेच सांगते, भांडते, आणि मुलगा इकडून खुणा करतो, की आई, आवर आता. मी आवरत नाही. बोलता बोलता कधी लाइन खराब होते आणि ती एकदम गप्प होते. मी फोन कानाला दाबून धरते. "इंदू," म्हणते, "इंदू, बोल वो, बोल." पलीकडून आवाज येईपर्यंत मला खाली बसवत नाही.